देवाला सगळं ठाऊक आहे, मग सांगायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शेजारी विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, मुलीच्या सासरची माणसंही विचारतात: तुम्ही ख्रिस्ती लोक सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून देवाशी बोलता. त्याला सगळं आधीच ठाऊक असेल, तर रोज रोज सांगता तरी काय?

प्रश्न रास्त आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सहाव्या अध्यायात येशू स्वतःच शिष्यांना सांगतो, की तुम्हांला कशाची गरज आहे हे तुमचा पिता तुम्ही मागण्याआधीच जाणतो. एवढं म्हटल्यावर प्रार्थनेचा विषय संपायला हवा होता. पण लगेच पुढच्याच वचनात तो म्हणतो, म्हणून तुम्ही अशी प्रार्थना करा, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ शिकवतो. पित्याला ठाऊक आहे, म्हणूनच बोला. अनोळखी माणसापुढे आपण कुठे मन मोकळं करतो?

पवित्र शास्त्र वाचता वाचता आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. बायबलमधला देव प्रश्न विचारतो. झाडांआड लपलेल्या आदामाला तो विचारतो, तू कुठे आहेस? घरच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या हागार नावाच्या दासीला देवदूत विचारतो, तू कुठून आलीस, कुठे चाललीस? यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशू त्याला जवळ बोलावून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? यांतला एकही प्रश्न माहिती काढण्यासाठी नाही. त्या माणसाच्या तोंडून ते यावं, एवढ्यासाठी आहे.

एलीयाची गोष्ट तर मी पुन्हा पुन्हा वाचते. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा. ईजबेल राणीची एक धमकी आली आणि तो जीव घेऊन पळाला. एका झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. मग होरेब डोंगरावर विचारलं, एलीया, तू इथे काय करतो आहेस? त्याने आपलं गाऱ्हाणं मांडलं: सगळ्यांनी तुला सोडलं, मी एकटाच उरलो आहे. वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला आणि मग शांत, मंद वाणी. ती ऐकल्यावर पुन्हा तोच प्रश्न, आणि एलीयाचं पुन्हा तेच गाऱ्हाणं, जवळजवळ शब्दाला शब्द. ‘हे तू मघाशीच सांगितलंस’ असं देव म्हणाला नाही. दोन्ही वेळा त्याने ऐकून घेतलं. मग त्याला पुढचं काम दिलं, आणि तू एकटा नाहीस, बाल नावाच्या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७,००० जण इस्राएलात आहेत, हेही सांगितलं. त्याच त्या काळज्या घेऊन रोज देवापुढे बसायला मला या अध्यायामुळे धीर येतो.

मग मी नेमकं काय बोलते? पहाटे घर जागं होण्याआधी आधी शास्त्रपाठ, मग प्रार्थना. हा क्रम मी मोडत नाही, कारण संभाषणात त्याचं बोलणं आधी ऐकावं असं मला वाटतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या या कामाला जुंपलेल्या होत्या. खेड्यातल्या साध्या बाईलाही देवाचं म्हणणं समजावं, ही त्यांची तळमळ होती. मला कानात आवाज ऐकू येत नाही. वाचलेलं एखादं वचन दिवसभर पाठ सोडत नाही, मला बहुतेक वेळा असंच उत्तर येतं. आणि मनात आलेली गोष्ट शास्त्राच्या विरुद्ध जात असेल, तर ती माझीच इच्छा आहे, देवाचा आवाज नव्हे, असं मी धरून चालते.

वाचून झालं की माणसांची नावं घेते. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बारावी, कुणाच्या घरातली धुसफूस. दिवसभरातली बोलणी आखूडच असतात. राजाने प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायच्या आत बायबलमधल्या नहेम्या नावाच्या राजसेवकाने मनात प्रार्थना केली, तेवढी. कठीण माणसाचा फोन उचलण्याआधी तेवढं पुरतं.

आणि तक्रारही करते. याचं पुष्कळांना नवल वाटतं, पण आपण मराठी माणसांनी ते का करावं? तुकोबा विठ्ठलाशी भांडलेच ना! १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग आजही आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गातात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्रांमध्येही असं रडणं-भांडणं भरपूर आहे. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळही नाही.

वडिलांच्या आजारपणात मला तेच एक स्तोत्र जवळचं वाटायचं. ते बरे व्हावेत म्हणून आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली. ते बरे झाले नाहीत. शरीरात काट्यासारखं सलणारं आपलं दुखणं दूर करावं म्हणून प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवलं आणि तो काटा तसाच राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर आलं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून दुःख कमी झालं नाही. त्यानंतर बरेच दिवस देवाशी बोलावंसंच वाटेना. तेव्हा मंडळीतल्या बायका घरी यायच्या, माझ्याशेजारी बसून माझ्या वतीने बोलायच्या. मी फक्त आमेन म्हणायचे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं आहे, ‘माझी, मला’ असं नाही. ते का, हे मला त्या दिवसांत कळलं.

हे सगळं ऐकल्यावर, आम्ही सुरुवात कुठून करू, असंही कुणी विचारतं. १३वं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत स्तोत्र रचणारा दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? ते मोठ्याने वाचा. जिथे शत्रूचा उल्लेख येईल, तिथे तुमच्या छातीवर बसलेल्या गोष्टीचं नाव घ्या, मग ते कर्ज असो, आजार असो की एखादं माणूस. तिथून पुढे तुमच्या शब्दांत बोला.