आमची वाटचाल: साडेपाच ते साडेसहा

२०१६ साली शॉप अ‍ॅक्टचं लायसन काढताना व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं, हेच सुचेना. शेवटी 'क्रीडा प्रशिक्षण' लिहिलं. काम साधं. सोलापूरच्या पूर्व भागात दोन शाळांची मैदानं भाड्याने घ्यायची आणि शाळा सुटली की साडेपाच ते साडेसहा मुलींना खो-खो, लंगडी, दोरीउड्या शिकवायच्या. महिन्याला दोनशे रुपये. बहुतेकींच्या आया घरी विड्या वळतात, वडील यंत्रमागावर.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, २५ तारखेपासून सगळा देशच बंद. एका मैदानाचं आगाऊ भाडं अडकलं ते अडकलंच.

मी झूमवर तास सुरू केला. बेचाळीसपैकी सात जणी आल्या. वाटलं, नेटपॅकचा प्रश्न असेल. घरोघरी फोन केले तेव्हा उलगडा झाला. फोन घरात एकच, आणि त्याच्यावर पहिला हक्क भावाचा. त्याहून मोठी गोष्ट एका आईने सांगितली, "मॅडम, पोरगी मोकळी कुठंय? आज चौथ्या दिवशी नळाला पाणी यायचंय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, आपण खेळ शिकवतो. मैदानावर असताना पोरीला भांडी घासायला कुणी हाक मारू शकत नव्हतं, दोनशे रुपये खरं तर त्याचे होते. घरात बसल्यावर सगळ्यात आधी तो मोकळा तास गेला.

मग झूम सोडलं. साध्या फोनच्या कॉन्फरन्सवर एका वेळी पाच जणी जोडता येतात, म्हणून पाच-पाचच्या तुकड्या केल्या. खो-खोत पाठीवर थाप द्यावी लागते, ते बादच. पत्रा डोक्याला लागेल म्हणून दोरी नाही. उरल्या बैठका, सूर्यनमस्कार, बहिणीबरोबर फुगडी. आणि एक अट घातली: तासाला आईनेही उभं राहायचं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकलेली बाई. तिच्या मानेचे, पाठीचे व्यायाम आधी. आईच उभी राहिली की मुलीला कामाला कोण लावणार? पलीकडून तेलुगूत आकडे ऐकू यायचे, "ओकटी, रेंडू, मूडू..." मराठीत मोजा म्हणून मी कधी सांगितलं नाही. दमल्यावर माणूस घरच्या भाषेतच मोजतो.

जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. आमची जेमतेम वीस व्हायची. फी मागायला तोंड नव्हतं. स्कूटर विकली. एका प्रशिक्षक ताईने भाजीची गाडी लावली, ती परत आली नाही. तिचं त्यात बरं चाललंय.

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवीपासूनचे वर्ग उघडले. पहिल्या दिवशी खो-खोची नेहमीची धावपटू दुसऱ्याच फेरीला खांबाला धरून खाली बसली. दम कमवायला दिवाळीनंतरचे दोन महिने गेले. दोघी मात्र आल्याच नाहीत. त्यांची लग्नं झाली होती. एक दहावीत होती. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले, उशीर झालेला होता.

आयांची बॅच अजून चालू आहे, शनिवारी सकाळी सात वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. फी तीच, दोनशे. नेमकं त्या वेळी पाणी आलं, तर तास रद्द.