उरलेला भिडू

स्मरणिकेसाठी आठवणी लिहा, असा निरोप आला. आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी या शाळेत सहावीला, तेही दिवाळीच्या सुट्टीनंतर दाखल झाले आणि पुढे शिक्षिका झाले, एवढे माझ्याविषयी पुरे. लिहायचे आहे ते वर्षाच्या मध्येच येणाऱ्या मुलाबद्दल. कोणी वडिलांच्या बदलीमुळे येतो, कोणी आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे आजीकडे राहायला येतो. त्याला मित्र कशाने मिळतो आणि कशाने मिळत नाही, हे वर्गात रोज दिसते.

पहिली अडचण साध्या हिशेबाची. 36 मुलांचे चार-चारांचे नऊ गट बरोबर पडतात. 37वा आला की तो उरतो. हजेरीत त्याचे नाव शेवटी, म्हणून प्रयोगाच्या टेबलाला, कवायतीच्या रांगेला, सहलीच्या बसला दरवेळी उरणारा तोच. गट पाडताना मोजणी रोज वेगळ्या क्रमांकापासून सुरू केली की हे मिटते. दाखला आला नाही म्हणून नाव पटावरच न घेणे त्याहून वाईट. मुले लगेच ‘पाहुणा’ म्हणू लागतात. आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

परिपाठाला पुढे बोलावून ‘स्वतःची ओळख करून दे’ म्हणणे हा आपल्याकडचा लाडका प्रकार. वऱ्हाडातून कोल्हापूरकडे आलेला मुलगा ‘येऊन राहिलो’ म्हणतो, अख्खी शाळा हसते आणि त्या दिवसापासून त्याचे नाव ‘राहिलो’. टोपणनाव पहिल्या आठवड्यात चिकटते ते दहावीपर्यंत निघत नाही. त्यापेक्षा परिपाठ झाल्यावर त्याला सतरंजी उचलायला लावावे, आणखी एकाबरोबर. लांब सतरंजीची घडी एकट्याला घालता येत नाही. दोघांनी दोन बाजू धरायच्या, एकदम झटकायचे, मग एकाने चालत येऊन आपली टोके दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलायची. एकाने आधी ओढले की दुसऱ्याच्या हातून सुटते, धूळ उडते, दोघेही शिंकतात. बोलायला विषय मिळतो! जोडीदार मात्र मॉनिटर नको. तो काम शिकवतो, बोलत नाही.

मधल्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपतो. उरलेला वेळ काढणे खरे कठीण. ‘मला घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तयारच असते. ‘कोणाकडे भिडू कमी आहे?’ असे विचारले तर निदान मोजावे तरी लागते. चॉकलेटवर जमवलेले मित्र पुडा संपेपर्यंतचे. बाहेर गेलेला चेंडू आणून देणे दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी तेच काम कायमचे गळ्यात पडते. लिंबूटिंबूचेही तसेच. आऊट नाही, राज्य नाही. सवलत वाटते, पण त्याला कोणी धरतच नाही. चार दिवस झाले की ‘आता माझ्यावरही राज्य येऊ द्या’ असे त्यानेच म्हणावे.

नव्याला सामावून घेणारा खेळ माझ्या मते एकच, खोखो. क्रिकेटमध्ये बॅट ज्याची त्याचा पहिला डाव, नवा थेट कुंपणाशी. खोखोत आठ बसतात, नववा पाठलाग करतो. एक चौकोन रिकामा राहिला की डाव लंगडा होतो, म्हणून नव्याला हाक मारावीच लागते. त्याचे नावही माहीत असायला नको. पाठीवर हात पडतो, ‘खो’ ऐकू येते, उठायचे. चुका ठरलेल्या. शेजाऱ्याला दिलेल्या खोवर हाच उठतो; धावता धावता मधली पाटी ओलांडतो; खो देऊन बसताना तोंड उलट्या बाजूला करतो. फाऊल झाला की समोरचा सुटतो आणि सगळे नव्यावर ओरडतात. म्हणून त्याला खुंटाजवळ बसवू नये, तिथे सूर मारणारे गडी लागतात. चौथ्या-पाचव्या चौकोनात बसवावे, दोन्ही बाजूंना जरा थंड डोक्याची मुले ठेवावीत. आणि डावाआधी पाच मिनिटे नुसती उठबस करून घ्यावी: हात जमिनीला टेकलेले, भार चवड्यांवर, पाठीला हात लागल्याशिवाय हलायचे नाही.

समितीने देणगीचे विचारले होते. खोखोचे दोन खुंट देते आहे. जमिनीवर 120 ते 125 सेंटीमीटर, गोल आणि गुळगुळीत. एखादे कुसळ राहिले तरी तळहात सोलवटतो. रोवण्याची घाई करू नये. आपल्या मैदानाची माती काळी आहे, ओल्यात रोवलेला खुंट माती वाळून भेगाळली की हलू लागतो. दिवाळीनंतर रोवले तर बरे.