इतवारीच्या पोरीला रविवार भेटला

काल रविवार होता आणि माझ्याकडे कांदा नव्हता. गोष्ट एवढीशीच, पण कालपासून डोक्यात दुसरं काही येतच नाही.

म्युनिकमध्ये येऊन तीन आठवडे झाले. विद्यापीठाचा उन्हाळी कोर्स आहे, व्यवसाय आणि संस्कृती. सकाळी वर्ग, दुपारी एखादी कंपनी नाहीतर संग्रहालय. ट्राम, स्वच्छता, वेळेचा काटेकोरपणा हे तुम्ही शंभरदा वाचलेलं आहे, ते सोडते. पहिले दोन रविवार कोर्सच्या सहलीत गेले, म्हणून इथला खरा रविवार कालच पाहिला.

तर्री शनिवारी रात्रीच करून ठेवली होती. सकाळी घरून आणलेले पोहे भिजवले आणि टोपलीत हात घातला, तर कांदा संपलेला. खाली उतरले. कोपऱ्यावरचं सुपरमार्केट बंद, पुढच्या चौकातलं बंद, त्याच्या पुढचंही बंद. बेकरी तेवढी उघडी होती, पण तिथे पाव मिळतो. मुख्य स्टेशनातली काही दुकानं प्रवाशांसाठी उघडी असतात, पण दोन कांद्यांसाठी मेट्रोचं तिकीट काढायला मन होईना. तशीच परत आले आणि म्हटलं, निदान रिकाम्या काचेच्या बाटल्या तरी टाकून येऊ. डब्यापाशी एका आजोबांनी हात वर करून मला थांबवलं आणि पाटीवर बोट ठेवलं. रविवारी बाटल्या टाकायच्या नाहीत, फुटल्याचा आवाज होतो.

मला राग आला. खूपच आला. मी इतवारीची आहे हो! आपल्या नागपुरात वस्त्यांची नावंच बाजाराच्या वारावरून पडलेली. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. आणि इतवारी म्हणजे तर रविवारचाच बाजार. मस्कासाथेत बाबांचं किराणा दुकान आहे. मला कळायला लागल्यापासून ते रविवारी बंद असलेलं मी पाहिलेलं नाही. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी गर्दीमुळे शटर अर्धं खाली ओढतात, तेवढंच. इथे तर रोजच रात्री आठला दुकानं बंद होतात, आणि बाहेर नऊपर्यंत उजेड असतो. एवढा उजेड असताना दुकान बंद करणं माझ्या जिवावर येतं.

माझा चेहरा पाहून आजोबांनी काय झालं ते विचारलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ते जिना चढून गेले आणि कागदाच्या पिशवीत दोन कांदे घेऊन आले. पैसे देऊ केले तर रागावल्यासारखं करून मान हलवली. बाटल्या मात्र टाकू दिल्या नाहीत. त्या अजून माझ्या खोलीत आहेत.

आज वर्गात हा विषय मीच काढला. सरांनी सांगितलं, जर्मनीच्या 1919 च्या, म्हणजे वायमार राज्यघटनेच्या 139 व्या कलमात रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखलेला आहे. 1949 च्या घटनेत ते कलम जसंच्या तसं घेतलं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची परवानगी दिली, तेव्हा चर्च कोर्टात गेले आणि 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती परवानगी घटनेत बसत नाही असा निकाल दिला. दुकानदाराचा धंदा आणि गिऱ्हाइकाची इच्छा, एवढं कारण न्यायालयाला पुरलं नाही. या बाबतीत चर्च आणि कामगार संघटना एका बाजूला उभ्या असतात. धंद्याच्या वर काहीतरी आहे असं देशाच्या घटनेत लिहून ठेवणं मला मनापासून आवडलं.

पण मग शेजारचा एक मुलगा म्हणाला, भारतात ही कल्पनाच नसेल. मी उभी राहिले. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव त्या वर्गाने पहिल्यांदा ऐकलं असेल. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन, वर्षानुवर्षांची मागणी आणि 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळालेली रविवारची सुट्टी. वायमारच्या घटनेच्या एकोणतीस वर्षं आधी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 पासून होती आणि माझे आजोबा तिथे कामाला होते, हेही सांगितलं. रविवारी आजोबा सकाळी घरी असत, अंघोळीनंतर नातवंडांना घेऊन शुक्रवारी तलावाकडे फिरायला जात.

हे बोलता बोलताच थांबले. आजोबा गिरणीत हुकमाचे ताबेदार, त्यांना रविवार होता. बाबा स्वतःच्या दुकानाचे मालक, त्यांना नाही.

त्यावर माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते खोटं नाही. रविवारी ज्याला सुट्टी, तो महिन्याचा किराणा रविवारीच भरतो. त्याच्या सुट्टीसाठी आमचं दुकान उघडं लागतं. आपल्याकडे 2017 चा कायदाही तेच म्हणतो, दुकान सातही दिवस चालवा, कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. दुकानातल्या दोन्ही पोरांना बाबा आळीपाळीने सुट्टी देतातही. स्वतःला कोण देणार? इथे सुपरमार्केटच्या मागे मोठी कंपनी आहे, एक दिवस बंद राहिलं तर तिच्या मुलीची फी अडत नाही. माझ्या या कोर्सची फी त्याच रविवारांतून आली आहे. घटनेतलं कलम चांगलंच आहे, पण ते बाबांच्या गल्ल्यात पैसे टाकत नाही.

काल दुपारी मात्र इसार नदीच्या काठावर गेले होते. पाण्यात पाय सोडून बसलेली कुटुंबं पाहिली. बाबांच्याच वयाचा एक माणूस पुस्तक छातीवर ठेवून झोपला होता, शेजारी बायको चेरी खात होती. तिथे मी फार वेळ बसले.

साडेपाचला घरी फोन लावला, म्हणजे तिकडे नऊ वाजलेले.

"आज इथे सगळं बंद होतं, बाबा."

"बंद? काहून, संप आहे का?"

"नाही, रविवार आहे म्हणून."

"मंग लोकं खातात काय?"

"शनिवारी आणून ठेवतात. बाबा, तुम्ही पण एखादा रविवार बंद ठेवा ना. मी आल्यावर आपण सगळे रामटेकला जाऊ."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब जरा, गिऱ्हाईक आलं." फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी पाव किलो साखर आणि बारीक रवा मागत होतं. काट्याची पीप वाजली, पुडक्याला दोरा गुंडाळल्याचा आवाज आला. मग आणखी एक गिऱ्हाईक आलं. मी फोन कानाला लावून तशीच बसले होते.