परवानगीची फाईल आणि चहाचा डाग

पाण्यातील कीटकनाशके ओळखणारा संवेदक आम्ही जर्मनीतील एका विद्यापीठाबरोबर तयार केला. पेटंटचा पहिला अर्ज म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात करावा, असे तिकडच्या सहकाऱ्यांचे मत होते. मात्र माझी विद्यार्थिनी आणि मी भारतात राहत असल्याने आमच्यावर पेटंट कायद्याचे कलम ३९ बंधनकारक होते. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे, नाहीतर फॉर्म २५ भरून परदेशी अर्जासाठी लेखी परवानगी घ्यायची. येथे प्रश्न नागरिकत्वाचा नसून वास्तव्याचा आहे, हे जर्मन मंडळींना पटवण्यात तीन बैठका गेल्या.

आम्ही परवानगी घ्यायचे ठरवले. अर्जावर विद्यापीठाच्या वतीने सही हवी होती, म्हणून फाईल आमच्याच प्रशासकीय कार्यालयात दिली आणि ती तिथे सात आठवडे रुतली. उत्साहाच्या भरात मी संवेदकावरच्या लेपातील घटकांच्या प्रमाणासकट १४ पाने जोडली होती, ही चूक माझीच. चौथ्या आठवड्यात चौकशीला गेलो, तेव्हा फाईल आवक-जावकच्या टेबलावर उघडी होती आणि प्रमाणांच्या तक्त्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग उमटला होता. ज्या तक्त्यापायी गोपनीयतेच्या कराराचा शब्द न् शब्द आम्ही घासून घेतला, तो इथे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला मोकळा होता. पाने परत मागितली, तर "जोडपत्र काढलं तर फाईल अपूर्ण होते, सर," असे उत्तर मिळाले. अखेर कुलसचिवांना भेटल्यावर फाईलमध्ये सारांशाचे एकच पान राहिले आणि बाकीचा मजकूर मोहोरबंद लखोट्यात गेला. आपल्या कार्यालयात पहिल्याच दिवशी एवढेच द्यावे.

पुढे पेटंट कार्यालयाची परवानगी २१ दिवसांच्या मुदतीत मिळाली. त्याबद्दल तक्रार नाही.

गोपनीयतेच्या करारावर प्राध्यापकाची नव्हे, संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची सही हवी, हे आधी सांगायला हवे होते. आणखी एक, अर्जापूर्वी आपणच प्रसिद्ध केलेली माहितीही युरोपात पेटंटच्या आड येते. विद्यार्थिनीच्या पोस्टरचा गोषवारा परिषदेच्या संकेतस्थळावर झळकण्याच्या दोन दिवस आधी आम्ही धावपळ करून मागे घेतला.

डागाळलेला तक्ता मी परत आणला, फाईलच्या अनुक्रमणिकेत मात्र पृष्ठसंख्या अजूनही १४ आहे.