एकही तारा सुटा दिसत नाही, मग वय कसं कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो: वेब दुर्बिणीच्या फोटोत आरंभीच्या विश्वातली दीर्घिका म्हणजे नुसता तांबडा ठिपका, मग तिच्यातले तारे तरुण की म्हातारे, हे कशावरून ठरवता?

आधी वेब दुर्बीण अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश का टिपते ते बघू. जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेतून प्रकाश निघाला तेव्हा महास्फोटाला जेमतेम ३० कोटी वर्षं झाली होती. वाटेत विश्व प्रसरण पावत राहिलं आणि त्या प्रकाशाची तरंगलांबी १५ पट ताणली गेली. निघताना अतिनील होता, पोचला तो अवरक्त होऊन.

आता वय. तारे एकेक करून मोजता येत नाहीत, पण सगळ्यांचा मिळून आलेला प्रकाश वर्णपटात उलगडता येतो. जड, निळे तारे काही दशलक्ष वर्षांत संपतात. ते गेले की उरलेल्यांच्या वातावरणातला हायड्रोजन ०.३६५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी तरंगलांबीचा बराच प्रकाश गिळतो आणि वर्णपटात एक पायरी पडते. तिला बामर ब्रेक म्हणतात. ताम्रसृती ७ असेल, म्हणजे तरंगलांबी ८ पट ताणली गेली असेल, तर ती पायरी २.९ मायक्रॉनपाशी सापडते. पायरी ठळक असेल तर ताऱ्यांच्या जन्माचा भर ओसरून काही कोटी वर्षं तरी लोटलीत.

खरी गोची इथे होती. वेबच्या आधीच्या स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा आरसा ८५ सेंटिमीटरचा, आणि इतक्या दूरच्या दीर्घिकांसाठी तिच्या ३.६ आणि ४.५ मायक्रॉन या दोन पट्ट्यांवरच मुख्य भिस्त. दुसरीत उजेड जास्त आला की वाटायचं, जुने तारे आहेत. पण ताम्रसृती ८ च्या आसपास ऑक्सिजनची तेजस्वी रेषा नेमकी ४.५ मायक्रॉनवर येते, आणि ती पेटते नवजात ताऱ्यांनी तापवलेल्या वायूमुळे! मोजमाप एकच, अर्थ मात्र उलटे. वेबचा वर्णपटमापक ती रेषा वेगळी दाखवतो, म्हणून त्या दुर्बिणीचं मला फोटोंपेक्षा वर्णपटांसाठी जास्त कौतुक.

तरीही मंडपात हॅलोजन लावल्यावर पणत्या कोण मोजणार? नव्या ताऱ्यांच्या झगमगाटात जुने लपतात, आणि वस्तुमान मात्र बरंचसं त्यांच्यातच असू शकतं. म्हणून ‘इतके अब्ज सूर्य’ असे आकडे मी हातचं राखूनच सांगते, विशेषतः वर्णपट हाती नसेल तेव्हा.