रात्री अडीचचा आकडा

सकाळी जाग आली की मी आधी फोन घेते. घरच्यांना वाटतं मेसेज बघते. मी बघते तो एकच आकडा: रात्री दोन ते चारच्या दरम्यान आमच्या सात नंबरच्या विभागात ताशी किती घनमीटर पाणी गेलं. अठरा वर्षं पाणीपुरवठ्यात काढलीत, त्यातली शेवटची पाच मलनिस्सारणही सांभाळत. एवढ्या काळात इतका बोलका आकडा मला दुसरा भेटलेला नाही.

त्या वेळी माणसं झोपलेली असतात. कुणी उठून संडासला जातं, कुणाच्या टाकीचा बॉल कॉक उघडा असतो, बस. नळजोडामागे ताशी दोनेक लिटर धरतात. आमच्या विभागात अकराशे जोड, म्हणजे सव्वादोन घनमीटर. आकडा येत होता एकोणीस.

उरलेलं पावणेसतरा घनमीटर पाणी झोपलेल्या वस्तीत पीत कोण होतं?

हा हिशेब खरा धरायचा तर विभाग चहूबाजूंनी बंद हवा. आत येणारी वाट एकच आणि तिच्यावर मीटर, बाकी सगळे सीमेवरचे व्हॉल्व्ह घट्ट बंद. आमचे सहाही व्हॉल्व्ह कागदावर बंद होते. तीन रात्री मी दोन फिटर घेऊन त्या विभागात फिरले. सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर, दुसरं कानाच्या मागच्या हाडावर. गळती असली की दांड्यातून एकसुरी सूं ऐकू येतं. ऐकू येत होतंही, पण कुठून येतंय ते कळेना.

चौथ्या रात्री काकांना बोलावलं. काका आमचे सगळ्यात जुने चावीवाले, निवृत्तीला वर्ष उरलेलं. ते नकाशा बघत नाहीत. पाचव्या व्हॉल्व्हपाशी आले, झाकणाकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हा उलटा आहे."

"उलटा म्हणजे?"

"डावीकडे फिरवला की बंद होतो. कधीकाळी दुसऱ्या बनावटीचे चार आणले होते, त्यातला एकच राहिलाय. तुमच्या पोरांनी बंद करायला म्हणून उजवीकडे फिरवलाय. सताड उघडा आहे."

काकांनी चावी लावली, एकवीस आटे डावीकडे दिले. मी फोनवर प्रवाह बघत होते. पुढच्या रात्रीचा आकडा आला आठ. एकोणीसमधली अकरा गळती नव्हतीच. ते पाणी शेजारच्या विभागात जात होतं आणि तिथले अभियंते आपली गळती किती कमी म्हणून खूश होते. (त्यांना मी हे फोनवर सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.)

हे एवढ्या तपशिलात सांगतेय कारण आमच्याकडे जीआयएस, म्हणजे पाइप-व्हॉल्व्हचा संगणकावरचा नकाशा, आहे. रंगीत आहे, दरवर्षी त्यावर खर्च होतो. त्यात त्या व्हॉल्व्हची जाडी आहे, बसवल्याचं साल आहे, फोटोसुद्धा आहे. कुठल्या बाजूला फिरतो हा रकानाच नाही. तो रकाना काकांच्या डोक्यात होता. दुसऱ्या दिवसापासून मी एका नव्या मुलाला टॅब देऊन त्यांच्याबरोबर पाठवायला लागले. काका चालतात, बोलतात, मुलगा टिपतो. आमच्या कार्यालयातली या दशकातली सगळ्यात मोठी तांत्रिक सुधारणा कोणती असं कुणी विचारलं तर मी या दोघांकडे बोट दाखवेन.

राहिले आठ. सव्वादोन हक्काचे, म्हणजे अजून साडेपाचच्या वर कुठेतरी मुरत होतं. रस्त्यावर ओल नाही, तक्रार नाही. आता कोरिलेटर आणला. पाइपावर दोन ठिकाणी सेन्सर बसवायचे. गळतीचा आवाज दोघांपर्यंत किती फरकाने पोचतो त्यावरून यंत्र जागा सांगतं. त्यासाठी त्याला एक गोष्ट आपण सांगावी लागते: पाइप कशाचा आहे. बिडाच्या पाइपातून आवाज सेकंदाला हजार मीटरच्या पुढे धावतो, प्लॅस्टिकच्या पाइपात त्याच्या निम्म्यानेही नाही. दप्तरी नोंद बिडाची होती. यंत्राने जागा दाखवली, आम्ही खडूने फुली मारली, रस्ता फोडला. दीड मीटर खाली कोरडी ठणठणीत माती. पाइप निघाला पीव्हीसीचा. कधीतरी दुरुस्तीत मधला तुकडा बदलला होता आणि नोंद बदलायची राहिली होती. जमलेल्या लोकांपुढे कोरडा खड्डा बुजवणं ही या नोकरीतली खास शिक्षा आहे.

सुटका ड्रेनेजच्या बाजूने झाली. तिथल्या पंपिंग स्टेशनवरचा ऑपरेटर दोन महिन्यांपासून सांगत होता की रात्री मैला पातळ येतो. पाऊस नाही, तरी पहाटे तीनलाही पंप दमल्याशिवाय चालू. त्याची तक्रार एका फाइलमध्ये, आमचा आठचा आकडा दुसरीत, आणि दोन्ही फाइली माझ्याच टेबलावर होत्या. एकमेकींवर ठेवायला मला दोन महिने लागले. हे लिहिताना लाज वाटते.

रात्री तीनला आम्ही खालून वर एकेक चेंबर उघडत गेलो. मैल्याच्या चेंबरमध्ये उतरायचं नाही हा आमच्याकडे नियम आहे. आधी झाकण उघडं ठेवून गॅस मीटर आत सोडायचा. हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो असं सगळे सांगतात. तो जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं, हे कमी लोक सांगतात. अकराव्या चेंबरमध्ये बॅटरी मारली तर एका बाजूने नितळ पाण्याची धार. बादली सोडून पाणी काढलं, क्लोरीन ओळखायची डीपीडीची पूड टाकली. फिकट गुलाबी झालं. क्लोरीन! मैल्यात मुरलेल्या पाण्यात क्लोरीन टिकत नाही, तो लगेच खर्ची पडतो. म्हणजे हे पाणी शुद्ध करून, पंप करून आम्हीच पाठवलेलं होतं, पाइपातून नुकतंच निसटलेलं. ते सरळ गटारात जाऊन, पुन्हा पंप होऊन, पुन्हा शुद्ध व्हायला निघालं होतं. एकाच पाण्याची वीज आम्ही दोनदा भरत होतो. फुटलेली जागा आमच्या फुलीपासून नऊ मीटरवर सापडली.

आकडा ३.१ वर आला.

यावर लोक मला विचारतात की मग सगळे पाइप बदलून का टाकत नाही. बदलावे, पैसे असतील तर जरूर बदलावे. पण त्याआधी दाब बघावा. रात्री कुणी पाणी वापरत नाही म्हणून पाइपात दाब सगळ्यात जास्त असतो आणि प्रत्येक भोकातून पाणी सगळ्यात जोरात निघतं. रात्रीपुरता दाब उतरवला तर एकही खड्डा न खणता गळती घटते. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीत २००१ साली हेच केलं. तिथे घरांतल्या नळांच्या आणि संडासाच्या टाक्यांच्या चाव्या जास्त दाबाने खराब झाल्या होत्या आणि रात्रभर वाहत होत्या. रात्रीचा प्रवाह ताशी सुमारे १६०० घनमीटर होता. वस्तीला पाणी देणाऱ्या मुख्य वाहिन्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवले आणि वर्षाला ९० लाख घनमीटरच्या आसपास पाणी वाचलं. आमच्याकडे असला एक व्हॉल्व्ह टायमरसकट बसवायचा प्रस्ताव मी तीनदा दिला. तिसऱ्यांदा पास झाला, कारण त्या वेळी मी "दाब व्यवस्थापन" हे शब्द काढून "वीजबचत" लिहिलं होतं.

आणि नॉम पेन्हचं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. कंबोडियाच्या त्या राजधानीत १९९३ साली जलसंस्थेने सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. थोडं गळत होतं, थोडं चोरलं जात होतं, थोड्याचं बिलच होत नव्हतं. त्याच वर्षी एक सोन चान नावाचा अभियंता प्रमुख झाला. (यातला 'एक' हा त्याच्या नावाचाच भाग, मराठी आकडा नव्हे. दरवेळी सांगावं लागतं.) त्याने सगळ्यांना मीटर लावले, बड्यांनाही, आणि गळती शोधणाऱ्या पथकांना कामगिरीप्रमाणे बक्षीस ठेवलं. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर लावायला गेल्यावर त्याच्यावर बंदूक रोखली गेली. पुढे पंधरा-सोळा वर्षांत तो ७२ चा आकडा सहाच्या आसपास आला. मला यातलं बंदुकीपेक्षा बक्षीस जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे रात्री सळई घेऊन फिरणाऱ्या माणसाला जादा भत्त्यासाठी तीन सह्या लागतात.

जिथे पाणी दिवसातून दोन तासच येतं तिथे रात्रीचा आकडा मुळात मिळतच नाही. शिवाय पाइप रिकामा झाला की त्याच भोकांतून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि परत पाणी सोडताना पुढची हवा मीटर गरागरा फिरवते. तो वेगळा विषय आहे, त्यावर एकदा नीट लिहीन.

मैलाशुद्धीकरण केंद्राचं थोडं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैल्यात हवा फुंकून जिवाणू पोसायची आणि तयार झालेला गाळ पुन्हा वापरायची पद्धत मांडली. शंभर वर्षांनंतरही आम्ही तेच करतो. केंद्राच्या विजेचा निम्म्याहून अधिक भाग अनेकदा ही हवा फुंकण्यात जातो. हवा फुंकणारे ब्लोअर चोवीस तास एकाच वेगाने धडधडत असायचे, येणाऱ्या मैल्यात जिवाणूंना खाद्य असो वा नसो. दोन वर्षांपूर्वी टाकीत अमोनियाचे सेन्सर लावले. अमोनिया वाढला की ब्लोअर जोरात, कमी झाला की हळू. पहिले तीन महिने बिल झकास उतरलं. चौथ्या महिन्यात परत चढलं. मी जाऊन बघितलं तर सेन्सरवर शेवाळाचा बोटभर थर. तो जे वाचत होता ते पाणी नव्हतंच. पुरवठादाराच्या माणसाने मला चौदा पानांचा डॅशबोर्ड उघडून दाखवला होता. सेन्सर दर मंगळवारी ब्रशने घासायला माणूस लागेल, हे त्या चौदा पानांत कुठेच नव्हतं. आता एक बाई दर मंगळवारी घासतात. त्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात बिल चढतं, हे मी आलेख काढून वरिष्ठांना दाखवलं आणि त्यांची नेमणूक कायम करून घेतली.

पंपात अडकणाऱ्या ओल्या टिश्यूंबद्दल मी काही लिहिणार नाही, माझा रक्तदाब आहे. पाकिटावर "फ्लश करण्याजोगे" लिहिलेलं असतं एवढंच सांगते. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात असल्याच कपट्यांचा आणि थिजलेल्या चरबीचा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा निघाला होता. आमचा सगळ्यात मोठा एका माणसाला दोन्ही हातांनी उचलता आला. त्या माणसाने तो उचलून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरलेले नाही.

काका गेल्या महिन्यात निवृत्त झाले. टॅबवाल्या मुलाकडे आता त्यांची सळई आहे आणि उलटा-सुलटा असा रकाना नकाशात आला आहे. निरोपाच्या दिवशी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, दोन नंबरच्या विभागात अजून एक उलटा असावा. नक्की आठवत नाही."

आज सकाळी सात नंबरच्या विभागाचा आकडा ३.३ होता. दोन नंबरचा ९.६. मुलाला फोन केला, म्हटलं आज रात्री निघायचंय, चावी मोठी घे. तो म्हणाला, "मॅडम, कुठल्या बाजूला फिरवायची?"