कडूस म्हणजे नक्की किती वाजता?

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावच्या मराठी शाळेत माझी बरीचशी नोकरी गेली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन्ही घरं अजून तिथंच आहेत आणि दोघांच्या मध्ये फक्त चार उंबरे आहेत. खून झाला तो पोरगा सोळा वर्षांचा, पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला. जन्मठेप झाली तो तेविसाचा, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दोघंही माझ्याच वर्गात बसलेले. म्हणून मी कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न मला गावात फार जणांनी विचारला. उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

सुरुवात एका पिशवीपासून झाली. ड्रायव्हरची आई एका दुपारी कागदांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात आली. "गुर्जी, ह्यात काय लिवलंय तेवढं सांगा की. चार वरसं झाली, कोण वाचूनच दाखवंना." निकाल इंग्रजीत होता, साक्षी कन्नडमध्ये. घरात दोन्ही भाषा कोणाला येत नाहीत. मला कन्नड येतं ते नोकरीपुरतं, तरी शब्दकोश घेऊन बसलो. नुसत्या वाचनालाच तीन आठवडे गेले.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणी नव्हता. सगळी केस परिस्थितीजन्य पुराव्यावर उभी होती, आणि तिचे खांब तीन. मोबाईलवरून दोघांचं झालेलं भांडण, आरोपीने दाखवून दिलेला कोयता, आणि 'पी. डब्ल्यू. 7', म्हणजे सरकार पक्षाची सातवी साक्षीदार, दोघांना शेवटचं एकत्र पाहिलेली म्हातारी. भांडणाचं सोडा, गावात तशी भांडणं रोज होतात. कोयत्यावर माणसाचं रक्त मिळालं, पण रक्तगट ठरला नाही, असं लॅबचा अहवाल सांगतो. ऊसपट्ट्यात घरटी दोन-तीन कोयते असतात आणि तोडणीत बोटं रोज कापतात. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली तेवढाच भाग चालतो. त्या 'तेवढ्याच भागावर' आपल्याकडे माणसं किती वर्षं आत बसतात, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग म्हातारीवर आलो. कन्नड जबानीत लिहिलं होतं, 'रात्री नऊच्या सुमारास ओढ्याच्या वाटेवर दोघांना पाहिले.' डॉक्टरांनी मृत्यूची वेळ संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत अशी ऐसपैस दिली होती. त्यामुळे 'नऊ' हा आकडाच सगळ्या केसची खुंटी झाला.

मला तो आकडा खटकला, कारण ही म्हातारी मला ठाऊक आहे. तिने आयुष्यात घड्याळ बांधलेलं नाही. ती उसाच्या टोळीबरोबर तोडणीला जायची आणि वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन दिवस मावळता घरी यायची. नऊ वाजता ती दोन झोपा काढून झालेली असते.

त्यानंतर केलेली चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणी करू नये. मी तडक तिच्याकडे गेलो आणि विचारलं. ती म्हणाली, "कडूस पडताना बघितलो की मी. ट्रॅक्टर थांबलेला, पोरगं उतरून ओढ्याकडं चालूलालं होतं." आमच्या बाजूचं हे 'बघितलो' ऐकून पुण्याचे लोक हसतात, बाईसुद्धा 'मी बघितलो'च म्हणते. ते असो. कडूस म्हणजे दिवस मावळल्यावर, अंधार पडायच्या आधीची वेळ. कन्नडमध्ये त्याला 'मुस्संजे' असा नेमका शब्द आहे. पण जबानी लिहिणाऱ्याने 'रात्री' लिहिलं, आणि रात्र म्हटल्यावर कोणीतरी तिला नऊ हा आकडा जोडला. कोर्टात तिला जबानी वाचून दाखवली होती का, असं विचारलं. "वाचले की. खरं कन्नडात. मी व्हय व्हय म्हटलो."

साक्षीदाराला न समजणाऱ्या भाषेत साक्ष लिहिली गेली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगायची, असं तेव्हाच्या क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम 278 मध्ये होतं. आरोपीसाठी तसंच कलम 279. कायदा होता. त्या दिवशी पाळला गेला का, ते कागदावरून कळत नाही. खाली अंगठा आहे, एवढंच.

हे सगळं उत्साहाने एका वकिलांना सांगितलं, तर त्यांनी मला अक्षरशः झापलं. शिक्षा झालेल्याच्या बाजूचा माणूस एकटा साक्षीदाराच्या घरी जातो, म्हणजे समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत. परत तिच्याकडे जायचं नाही, चोरून रेकॉर्डिंग करायचं नाही, तिच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. मी तिला 'कडूस' हा शब्द सुचवला नव्हता, तिनेच उच्चारला. पण हे आता फक्त तिला आणि मला ठाऊक आहे.

कागद मिळवणं हे वेगळंच प्रकरण. निकालाची प्रत शिक्षा झालेल्याला फुकट मिळते. बाकी जबान्या, पंचनामे, निशाण्या (खटल्यात दाखल केलेले पुरावे) यांच्या नकला अर्ज करून, पैसे भरून घ्याव्या लागतात, आणि तिऱ्हाइताला कोर्ट सहज देत नाही. म्हणून आधी वकालतनाम्यावर त्याची सही हवी. सहीसाठी हिंडलगा जेल. आमच्या गावची बस बेळगावला हिंडलग्यावरूनच जाते. त्याची आई दर बाजाराला त्याच रस्त्याने भाजी घेऊन जाते. मुलाखतीत तो माझ्याशी जेमतेम पाच मिनिटं बोलला. त्यातली दोन मिनिटं, वर्गातला खिडकीजवळचा फळा अजून आहे का, याच्यावर गेली. मी निर्दोष आहे वगैरे तो काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "त्याला फाट्यावर सोडलो आणि खेप घेऊन गेलो, हे मी पयल्या दिवशी सांगितलो होतो." मी त्याच्या डोळ्यांत बघून खरं-खोटं ओळखलं, असं लिहायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही.

तिथंच कळलं की अपीलच झालेलं नव्हतं. घरचे समजत होते वकिलांनी केलंय, आणि वकील समजत होते फी आली की करू. हायकोर्टात अपिलाला साठ दिवस असतात. ते केव्हाच उलटून गेले होते. खरं तर कैद्याला अपिलाचा अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडेच देता येतो, आणि कोठडीतल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली वकील फुकट मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. हे त्या घराला कोणीच सांगितलं नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज गेला, विलंब माफीचा अर्ज जोडला, आणि एक वकीणबाई मिळाल्या. त्या कन्नड घरातल्या, मराठी दोन-चार वाक्यं येणाऱ्या. गावातल्या काही उत्साही मंडळींना हा भाषेचा अन्याय म्हणून बोर्ड लावायचे होते. मी हात जोडले. नक्कल विभागात जुनी फाईल शोधून द्यायला दोन दिवस धुळीत बसलेला कारकून कन्नडच होता, आणि 'रात्री'वर कधी बोट न ठेवणारा बचावाचा वकील मराठी. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. या पोराचं प्रकरण त्यात मिसळलं तर दोन्ही अडकतील.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो साखर कारखान्यावर. त्या संध्याकाळची त्याची खेप शिनोळीच्या पलीकडे, महाराष्ट्रातल्या एका कारखान्याला गेली होती. उसाची गाडी कारखान्यात गेली की तिच्यामागे कागद तयार होतात: गेटवर टोकन, काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन, गव्हाणीत ऊस खाली केल्यावर रिकाम्या गाडीचं वजन, आणि प्रत्येकावर वेळ. टोकनवर वेळ होती सात बावन्न. भरलेल्या गाडीचं वजन रात्री बारा पंचवीस. म्हणजे साडेचार तास गाडी यार्डात नंबर लावून उभी होती. मला वाटलं, जिंकलो. वकीणबाईंनी शांतपणे विचारलं, "पावतीवर गाडीचा नंबर आहे. ड्रायव्हरचं नाव कुठं आहे?" कुठंच नव्हतं. शिवाय गाडी नंबरात सोडून ड्रायव्हर दुसऱ्याच्या मोटरसायकलवर कुठंही जाऊन येतात, हे यार्डातलं शेंबडं पोरही सांगेल. बावीस किलोमीटर, मोटरसायकलने पाऊण तास.

मग डिझेलच्या उचलीचा विषय निघाला. ड्रायव्हर सही करून डिझेल घेतो आणि ते वाहतूक ठेकेदाराच्या बिलातून कापलं जातं. जुनी रजिस्टरं मोडीत काढली, असं कार्यालयातून उत्तर आलं. पण ठेकेदाराचं त्या हंगामात कारखान्याशी डिझेलच्या कपातीवरूनच भांडण झालं होतं, म्हणून त्याने प्रत्येक पावतीची कार्बन प्रत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. भांडखोर माणसांबद्दल माझं मत त्या दिवसापासून बदललं. पावती त्याच तारखेची, तीस लिटर, वेळ नऊ दहा, खाली सही. या ड्रायव्हरला मी पहिलीत अक्षर गिरवायला शिकवलंय. त्याच्या नावातला शेवटचा काना नेहमी ओळीच्या खाली जातो. पण मास्तराची ओळख हा काही हस्ताक्षर तज्ज्ञाचा दाखला नव्हे.

फाईलमध्ये मेलेल्या मुलाच्या फोनची कॉलयादीही होती. शेवटचा कॉल सात अठ्ठेचाळीसला. पण तिला जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चं, म्हणजे कॉम्प्युटरवरून काढलेली नोंद खरी असल्याचं, प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं, म्हणून सरकार पक्षाने ती पुढे केलीच नाही. हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात ठाम सांगितलं. नवी यादी मागवायची सोय नाही. कंपन्या असला तपशील एक वर्ष ठेवायच्या, 2021 च्या अखेरीस ती मुदत दोन वर्षं झाली. आमची वेळ दोन्हीतून गेलेली. आणि फोन वापरला गेला म्हणजे तो मुलानेच वापरला, असंही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, खून झाला होता त्याच आठवड्यात, मी आणि माझा भाचा घड्याळ घेऊन ओढ्याच्या फाट्यावर जाऊन उभे राहिलो. आमच्याकडे तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. भाचा तीस पावलांवर. सहा वाजून वीस मिनिटांनी त्याचा चेहरा ओळखू येत होता. पावणेसातला नुसता माणूस आहे एवढंच कळत होतं. नऊ वाजता टॉर्च लावल्याशिवाय भाचा कुठं आहे तेही दिसेना, आणि त्या वाटेला तेव्हाही दिवा नव्हता, आजही नाही. याला पुरावा म्हणत नाहीत. पण फाट्यापासून भरल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्यापर्यंत दीड तास लागतो, आणि कडुसाला दीड तास मिळवला की टोकनवरची वेळ येते. म्हणजे म्हातारीचं तोंडी बोलणं आणि काट्याचा कागद एकमेकांना धरून आहेत. वेगळं काही सांगत असेल, तर ती फक्त कन्नडात लिहिलेली ती एक ओळ.

शेवटचं एकत्र दिसणं आणि मृत्यू यांत अंतर फार थोडं असेल, तरच त्या पुराव्याला वजन, असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये बोधराजच्या निकालात म्हटलं आहे. त्याआधी 1984 मध्ये शरद सारडाच्या प्रकरणात पुराव्याच्या साखळीच्या पाच कसोट्या घालून दिल्या आहेत. आणि भोकरदनच्या खटल्यात फाशी झालेल्या सहा जणांना 2019 मध्ये त्याच कोर्टाने निर्दोष सोडलं, सोळा वर्षांनी. वकीणबाईंनी हा शेवटचा निकाल मला वाचायला दिला. वाचून रात्रभर झोप लागली नाही.

एक काम मी लांबवत होतो. मेलेल्या पोराच्या आईला दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून गेलो. तिने पाणी दिलं, बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो नव्हं म्हणताय, तर मग कोण? ते पण तुम्हीच सांगा." मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, आणि तो नव्हेच असंही मी म्हणत नाही. "मग सात वरसांनी माझ्या दारात कशाला आलाय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उठताना ती एवढंच म्हणाली, "गावात बोलू नका. कोर्टात काय ते बोला." तेवढं मी पाळतोय.

म्हातारीचं प्रतिज्ञापत्र रीतसर झालं. तिची सून सोबत, वकीणबाईंचा सहकारी समोर, मी खोलीच्या बाहेर. तिचे शब्द मराठीत जसेच्या तसे लिहिले, त्याखाली कन्नड, त्याखाली इंग्रजी. अपिलात नवा पुरावा घ्यावा, असा अर्ज पूर्वी क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम 391 खाली व्हायचा; 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, तिथं तेच कलम 432 आहे. विलंब माफ झाला, अपील दाखल झालं. नव्या पुराव्याच्या अर्जावर सरकारी वकिलांनी लेखी विरोध केला आहे: इतक्या वर्षांनी अशिक्षित वृद्धेला वेळ आठवते, हे विश्वासार्ह नाही. मुद्दा चुकीचा नाही. पण मग नऊ वाजल्याचं त्याच वृद्धेला तेव्हा कसं कळलं, हे वकीणबाई विचारणार आहेत. अर्जाचा निर्णय अंतिम सुनावणीबरोबरच, असं खंडपीठाने सांगितलं. तारखेला मी पहाटेच्या बसने धारवाडला जातो, मागच्या बाकावर बसतो. आमचा नंबर दोनदा दुपारपर्यंत आलाच नाही.

परवा बाजारात म्हातारी भेटली. तिने मला बाजूला ओढून विचारलं, "गुर्जी, आता तरी कडूस म्हणून लिवलेत नव्हं?" मी म्हटलं, लिहिलंय, तिन्ही भाषांत. तिने इंग्रजीत काय म्हणतात ते विचारलं. मी सांगितलं, डस्क. तिने दोनदा म्हणून बघितलं, आणि मेथीची जुडी पुढे करून भाव सांगितला.